पाठीवरची थोरली

चि. सौ. धांदल हिस,

थोरल्या भावाचे मनःपूर्वक आशीर्वाद. तुझी प्रकृती उत्तम असणारच. ज्यांना कशाचीच काळजी नसते त्यांची प्रकृती उत्तम असते. आईची तब्येत कशी आहे ते मात्र सविस्तर कळव. तिच्या डोळ्यांतले थेंब आधी डाव्या डोळ्यात आणि मग पुरेसे थांबून उजव्या डोळ्यात घालायचे आहेत; एक थेंब डोळ्यात, एक गालावर आणि उरलेले उशीवर ही तुझी पद्धत माझ्या अनुपस्थितीतही मला मान्य नाही. इकडे आम्ही दोघे, म्हणजे मी आणि तुझे यजमान, शहरात सुखरूप पोहोचलो आहोत. ('सुखरूप' हा शब्द मी येथे सैल अर्थाने वापरला आहे, आणि मी शब्द सैल अर्थाने क्वचितच वापरतो हे तुला ठाऊक आहे.) एक संपूर्ण दिवस तुझ्या यजमानांच्या सहवासात काढल्यावर तुझ्या सहनशक्तीविषयी मला प्रथमच आदर वाटू लागला आहे, हेही येथेच नमूद करतो.

हे सारे फोनवर सांगता आले असते, असे तू म्हणशील. परंतु फोनवर तू हसतेस, आणि हसू आवरेनासे झाले की फोन आईच्या कानाला लावून मोकळी होतेस. म्हणून हे पत्र. डॉक्टर (तुझे यजमान जनावरांचे का होईना, पण डॉक्टर आहेत, आणि मी पदवीचा मान राखतो) उद्या सकाळच्या बसने परत निघत आहेत. त्यांच्याच हाती ते पाठवीत आहे. ते तुला तोंडी जे सांगतील त्यावर विश्वास ठेवू नये. निदान हे वाचून होईपर्यंत तरी ठेवू नये.

प्रथम पार्श्वभूमी. ती तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे. परंतु तुला गोष्टी ठाऊक असतात, लक्षात नसतात. आपल्या आईने आयुष्यभर शाळेच्या फळ्यावर शनी काढला. आधी गोल, मग त्याच्याभोवती कडी, आणि कडी ग्रहाच्या मागे जातात तिथे खडू बरोबर उचलायचा. इतकी वर्षे इतक्या मुलांना तिने तो दाखवला, आणि स्वतः एकदाही पाहिला नाही. तिचा एक डोळा गेलाच आहे. दुसऱ्याविषयी डोळ्यांचे डॉक्टर आता 'बघू' एवढेच म्हणतात. तिकडे आकाशात शनीची कडीही आपल्या बाजूने मिटत चालली आहेत. लवकरच त्यांची केवळ धार आपल्याकडे वळेल आणि ती दिसेनाशी होतील. पुन्हा ऐटीत उघडायला त्यांना काही वर्षे लागतील. कड्यांना घाई नाही. आईला आहे. बाजारातून तयार दुर्बीण आणण्याची तुझी सूचना मी त्या वेळीच फेटाळली होती आणि आजही फेटाळतो. जी वस्तू खोक्यातून 'अभिनंदन' असे लिहिलेल्या कागदासह बाहेर येते, तिच्यातून मी माझ्या आईला ग्रह दाखवणार नाही.

म्हणून आरसा. दोन सारख्या आकाराच्या काचेच्या जाड चकत्या घेऊन एक दुसरीवर घासत गेले की वरची हळूहळू खोलगट होते. ती दुर्बिणीचा आरसा, आपल्या घरात जिला 'थोरली' म्हणतात. खालची फुगीर होत जाते. ती केवळ घासण्याचे हत्यार, म्हणजे 'धाकटी'. शेवटची झिलई देण्यासाठी धाकटीवर राळेचा थर ओततात आणि त्यावर थोरलीला फिरवत राहतात. मी किती वर्षे फिरवत राहिलो यावर तू आणि डॉक्टर जेवताना जे विनोद करता ते मी ऐकले आहेत. पृष्ठभागातली चूक प्रकाशाच्या तरंगाच्या आठव्या हिश्श्याहून कमी व्हावी एवढीच माझी अपेक्षा होती, आणि तेवढी ती झालीही. आता उरला होता फक्त ॲल्युमिनियमचा मुलामा. तो देणारा कारागीर या शहरात एकच, आणि तो या शुक्रवारी आपली शेवटची खेप काढून, यंत्र विकून, मुलीकडे कायमचा राहायला जाणार. खेपेत जागा हवी असेल तर काच आज, शटर पडण्यापूर्वी, त्याच्या टेबलावर आली पाहिजे असे त्याने बजावले होते. कारण यंत्रात काच धरून ठेवणारी, प्रत्येक काचेच्या मापाची कडी तो उद्या कापणार.

सायकलच का, हा प्रश्न तू मला किमान दहा वेळा विचारलास आणि प्रत्येक वेळी उत्तराच्या मध्यातच उठून गेलीस. तेव्हा लेखी देतो. बसचा मागचा भाग उसळतो, पुढच्या भागात चालक असतो, आणि मधल्या भागात माणसे पेटीवर बसतात. डॉक्टरांच्या जीपमध्ये काय काय सांडलेले असते ते तुला माहीत आहे. याउलट सायकलस्वाराचा पाठीचा कणा ही निसर्गाने घडवलेली सर्वोत्तम स्प्रिंग आहे. टायरमध्ये हवा किंचित कमी, कोपर सैल आणि खड्डा आधीच दिसलेला असेल, तर पाठीवरच्या काचेला आपण घराबाहेर पडलो आहोत याचा पत्ताही लागू नये. मी तालीमही केली होती. मागच्या आठवड्यात शेजारच्या गावापर्यंत जाऊन आलो, थोरलीऐवजी धाकटीला पाठीवर घेऊन. वजन तेच, आकार तोच. तालमीसाठी वेगळी पेटी केली, आणि ती थोरलीच्या पेटीसारखीच हुबेहूब केली: तेच लाकूड, तेच मखमली अस्तर, तीच मेणाची पट्टी लावून बंद केलेली फट. (तालमीची म्हणून पेटी ओबडधोबड करणे हे माझ्या हातून होत नाही.) त्या वेळी तू केलेल्या दोन सूचना, एक म्हणजे शाळेच्या दप्तराचे नायलॉनचे पट्टे लावावेत आणि दुसरी म्हणजे पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवाव्यात, मी विचारात घेतल्या नाहीत. नायलॉन ताणते. आणि आपली वस्तू ओळखायला ज्याला चिठ्ठी लागते, त्याने वस्तू बाळगूच नये.

असो. उजाडता उजाडता आम्ही निघालो. निघालो म्हणजे मी निघालो. डॉक्टर फाटकाशी कुत्र्याचे कान तपासत होते. त्यांचे काम एकच होते आणि ते मी त्यांना आदल्या दिवशी आकृती काढून समजावले होते: आपल्या सायकलवरून माझ्या पुढे राहायचे आणि रस्त्यातला धोका हाताने दाखवायचा. उजवा हात वर म्हणजे उजवीकडे खड्डा, डावा वर म्हणजे डावीकडे, दोन्ही वर म्हणजे थांबा. पद्धत निर्दोष होती. तुझे यजमान रस्त्यावरच्या प्रत्येक गाढवाला, बैलाला आणि म्हशीला हात वर करून नमस्कार करतात, ही माहिती मात्र मला कोणी पुरवली नव्हती. त्यामुळे सकाळभर मी सपाट रस्त्यावर, अस्तित्वात नसलेल्या खड्ड्यांना वळसे घालत गेलो. आणि जेव्हा खरा खड्डा आला, चांगला रुंद, पाण्याने भरलेला, तेव्हा त्यांचे दोन्ही हात हँडलवर होते. का, तर जवळपास जनावर नव्हते! मी पायडलवर उभा राहिलो, गुडघे वाकवले, श्वास रोखला, आणि काच माझ्या मणक्यांवरून एखाद्या झोपलेल्या बाळासारखी अलगद वर-खाली झाली. खड्डा ओलांडल्यावरही बराच वेळ मला श्वास सोडायची आठवण नव्हती.

पुढे ऊन चढले, समोरून वारा सुटला आणि डॉक्टरांनी वासाचा विषय काढला.

"दादा, तुमच्या पाठीला राळेचा वास येतोय."

मी त्यांना सांगितले की पुढे रस्त्याचे डांबर नवे आहे. डांबर जुनेच निघाले, तेव्हा मी त्यांच्या पिशवीतल्या खुरांच्या मलमाकडे बोट दाखवले. त्यांनी मलमाची बाटली काढून माझ्या नाकाशी धरली (चालत्या सायकलवर!) आणि विचारले, "हा वास आहे का? हा नाहीये." अखेर मी त्यांना स्पष्ट केले की जो माणूस वर्षानुवर्षे राळेवर काच घासतो त्याच्या कातडीत ती मुरते, आणि घाम आला की बाहेर पडते. यावर ते म्हणाले, "असेल बुवा. आमच्याकडे गोठ्याचं तसंच असतं." माझ्या साधनेची आणि गोठ्याची ही तुलना मी वेळेअभावी सोडून दिली.

वेळेअभावी म्हणतो, कारण वारा थांबत नव्हता आणि आम्ही अजून निम्म्यावरही आलो नव्हतो. अशा वेळी रस्त्याच्या मधोमध एक बाई दोन्ही हात पसरून उभ्या. त्यांच्या मागे बांधावर एक शेळी आडवी, अडलेली, डोळे पांढरे केलेली. मी ब्रेक दाबेपर्यंत डॉक्टर सायकलवर नव्हतेच. त्यांची सायकल एकटीच काही अंतर पुढे जाऊन झुडपात शिरली. मी घड्याळ पाहिले. मी त्यांना शक्य तितक्या संयमाने कारागिराचे शटर, शुक्रवार, आईचा डोळा आणि शनीची कडी यांची आठवण करून दिली. ते बाह्या सरसावत म्हणाले, "कडी मिटायला अजून अवकाश आहे दादा. हिला नाहीये." हे वाक्य मला आवडले नाही, आणि मी पुन्हा घड्याळ पाहिले.

"ओ मास्तर, नुसते उभे काय राहिलात? डोकं धरा तिचं!" बाई माझ्यावर ओरडल्या.

"माझ्या पाठीवर पेटी आहे," मी म्हणालो.

"मग ठेवा खाली."

"ती खाली ठेवण्यासारखी पेटी नाही."

"बरं, राहू द्या पाठीवर. वाकता तरी येतं ना?"

मी वाकलो. ज्या हातांनी मी तरंगाच्या आठव्या हिश्श्यापर्यंत काच घासली, त्या हातांनी मी शेळीची मान धरली. तिने आपले तोंड माझ्या खांद्यावर टेकवले आणि ती मंद मंद चर्वण करू लागली. वेदनेत प्राणी माणसाचा आधार शोधतो, असा माझा समज झाला, आणि (हे आईला सांगितलेस तरी चालेल) मी तिच्या कपाळावरून हातही फिरवला. डॉक्टर मागच्या बाजूने "शाब्बास, आली, आली, अजून थोडी" असे ओरडत होते; ते मला उद्देशून होते की शेळीला, ते कळायला मार्ग नव्हता. शेवटी ते उभे राहून, जणू सारा पराक्रम स्वतःचाच असल्यासारखे गरजले, "दोन झाली! दादा, दोन!" पिल्ले ओली होती, थरथरत होती, आणि उभी राहण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न यांत्रिकीच्या दृष्टीने सर्वस्वी चुकीचा होता. तरीही ती उभी राहिली. मी क्षणभर पाहिले. क्षणभरच.

मग मात्र मी डॉक्टरांना एकही शब्द बोलू दिला नाही. जेवण नाही, केळी खाल्ली तीही सायकलवर, आणि सालीही मी रस्त्यावर टाकल्या नाहीत, खिशात ठेवल्या. शहराच्या अलीकडचा तो मोठा उतार तुला आठवत असेल. लहानपणी बाबांच्या स्कूटरवर तू तिथे ओरडायचीस. तो उतार मी आज मालवाहू ट्रकच्या पुढे उतरलो. मागे ट्रक, पुढे डॉक्टर, पाठीवर थोरली, आणि दोन्ही ब्रेकमधून येणारा जळका वास. तोही डॉक्टरांनी राळेचाच ठरवला असता, पण सुदैवाने ते पुढे होते. ट्रकचा भोंगा इतका जवळ वाजत होता की तो माझ्या पोटात वाजत असावा असे वाटे. वेग वाढवावा तर काच उसळते, कमी करावा तर ट्रक येतो, बाजूला व्हावे तर बाजूला दरी. त्या क्षणी डॉक्टरांनी दोन्ही हात वर केले. मी आयुष्यात कधी नव्हे ते 'जनावर असू दे' असे मनात म्हटले. जनावरच होते; दरीच्या कठड्यावर एक माकड बसले होते आणि तुझे यजमान त्याला दोन्ही हातांनी अभिवादन करत होते. ट्रकचालकाने मला ओलांडताना खिडकीतून जे म्हटले ते मी येथे उतरवत नाही. उतरवले तर पत्राची भाषा बिघडेल.

शहरात शिरलो तेव्हा दिव्यांच्या खांबांची सावली रस्त्यावर आडवी पडू लागली होती. चौकामागून चौक. प्रत्येक चौकात लाल दिवा नेमका आमच्यासाठी थांबलेला. डॉक्टर एव्हाना पुढे नव्हते. इतकी माणसे एकदम पाहून बावरलेल्या वासरासारखे ते माझ्या मागच्या चाकाला चिकटून येत होते. सर्वांत मोठ्या चौकाच्या मध्यावर मला डाव्या खांद्यापाशी काहीतरी सैल झाल्याचे जाणवले. मग एक बारीकसा आवाज आला, कापड फाटताना येतो तसा. पट्टा. मी स्वतः निवडलेला, स्वतः मेणाच्या दोऱ्याने दुहेरी शिवलेला शुद्ध सुती पट्टा. तो त्या शेळीने, प्रसूतीच्या कळा देता देता, जवळजवळ तुटेपर्यंत चावून खाल्ला होता! पेटी एका खांद्यावरून लोंबकळली, फिरली, सुटली.

नंतर काय झाले ते मी निरीक्षकाच्या तटस्थतेने सांगतो. मी सायकल सोडून दिली. हवेतच वळलो. पाठीवर पडलो, आणि पेटी माझ्या पोटावर आली. तिला मी दोन्ही हातांनी आवळले. एक बस माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर थांबली. तिच्या पुढच्या चाकाची नक्षी मी आता डोळे मिटून काढू शकेन. चालक खिडकीतून वाकून म्हणाला, "काका, घरी पलंग नाही का?" एवढ्यात वाहतूक पोलीस धावत आला.

"पेटीत काय आहे?"

"आरसा."

"फुटला?"

"फुटता कामा नये."

"मग त्यात तोंड बघा आणि बाजूला व्हा."

मला उठवेना, ते दुखण्यामुळे नव्हे. (मनगट मुरगळले आहे, कोपर सोलले आहे, आणि बसताना मी काळजीपूर्वक बसतो, याहून अधिक काही नाही.) मला उठवेना, कारण उठलो आणि पेटीत खुळखुळ आवाज आला, तर आईला काय सांगायचे ते मला ठरवता येत नव्हते. ती विचारणार काहीच नाही, 'बरं' एवढेच म्हणणार, आणि ते 'बरं' घेऊन मला पुढची सगळी वर्षे काढावी लागणार. पेटी उघडून पाहावी तर चौकातली सारी धूळ आत. शेवटी डॉक्टरांनी मला फुटपाथवर ओढले, पिशवीतून तपासणीची नळी काढली, कानांना लावली, आणि पेटी हळूहळू कलती करत चारही बाजूंनी ऐकली. भोवती गर्दी जमली होती.

"ठोके नाहीत," ते म्हणाले, "पण तुकडेही नाहीत."

धांदल, तुझ्या यजमानांविषयी मी आजवर जे काही बोललो असेन त्यातला काही भाग मी मागे घेतो. कोणता ते नंतर कळवीन.

पुढचा रस्ता पेटी छातीशी धरून मी पायी पळत पार केला आणि डॉक्टर दोन्ही सायकली दोन हातांत धरून माझ्या मागे. गल्ली सापडली तेव्हा शटर निम्मे खाली आले होते. तुझ्या यजमानांनी कसलाही विचार न करता स्वतःची सायकल शटरखाली सरकवली. तिचे पुढचे चाक आता गोल नाही. परंतु शटर थांबले. कारागीर आतून ओरडला, "बंद झालं!" डॉक्टर बाहेरून ओरडले, "झालं कुठे? अडकलंय!" मग तो वाकून बाहेर आला: जाड भिंगांचा चष्मा, बनियन, हातात दाढीचा ब्रश, अर्ध्या गालावर फेस. (व्यवसायाच्या ठिकाणी दाढी करणाऱ्या माणसाविषयी माझे मत तुला माहीत आहे; ते मी त्या वेळी गिळले.) त्याच्या मागे मुलामा चढवायची ती निर्वात कोठी उभी होती, एखाद्या मोठ्या उपड्या घंटेसारखी, आणि टेबलावर इतरांच्या काचा, प्रत्येकीखाली मऊ कापड. एकच जागा मोकळी. मी पेटी ठेवली. माझ्या हातांना ती सोडवेना, तेव्हा त्यानेच हलकेच माझी बोटे बाजूला केली, मेणाची पट्टी काढली, झाकण उघडले आणि आत पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मग पुन्हा आत पाहिले.

तुकडा नव्हता. ओरखडाही नव्हता. त्याने माप घेतले, 'शुक्रवार सकाळ' असे म्हणाला, आणि उरलेल्या गालाची दाढी करायला लागला. थोडक्यात, खेपेत आपली जागा निश्चित झाली आहे, आणि ज्या कामासाठी हा सारा खटाटोप केला ते मार्गी लागले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

हे मी लॉजच्या खोलीतून लिहीत आहे. भिंतीवरचे चित्र वाकडे होते, ते सरळ केले. टेबलाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली केळीची साल घडी करून घातली. डॉक्टर पलीकडच्या खाटेवर चपला घालूनच झोपले आहेत आणि झोपेतही कोणत्या तरी जनावराला "शाब्बास" म्हणत आहेत. आईला माझा नमस्कार सांग. तिने सकाळी निघताना 'सावकाश जा' म्हटले होते. सांग, की जाताना सावकाश गेलो, पोहोचताना मात्र जमले नाही.

तुझा,
दादा

ता. क. डॉक्टरांची सायकल बसच्या टपावर येईल. तिच्याकडे पाहून त्यांना काही बोलू नये.

ता. क. २. माझ्या खोलीतल्या वरच्या फळीवर थोरली नेहमी डावीकडे असते आणि तालमीची पेटी उजवीकडे. शनिवारी ती फळी कोणी पुसली आणि पुसल्यावर पेट्या कोणत्या क्रमाने परत ठेवल्या, हा प्रश्न मी उपस्थित करत नाही, केवळ नोंदवतो. कारागिराने पेटी उघडली तेव्हा आत धाकटी होती. उन्हाने तिची राळ पातळ होऊन मखमलीला चिकटली होती. तात्पर्य, जिच्यासाठी मी बसखाली जाता जाता वाचलो ते केवळ घासायचे हत्यार होते, आणि डॉक्टरांचे नाक सकाळपासून बरोबर होते. याविषयी आपण पुन्हा कधीही बोलणार नाही. तथापि दोन्ही चकत्यांचे माप तंतोतंत एक असल्यामुळे (ते तसे का आहे, याचे श्रेय कोणाला, ते सुज्ञास सांगणे न लगे) त्याने धाकटीवरूनच कड्याचे माप घेतले आणि जागा राखली. तेव्हा माझा प्रवास वाया गेला असे कोणीही म्हणू नये.

ता. क. ३. थोरली शुक्रवारी सकाळी इथे हवी आहे. मी परत येऊन तिला घेऊन निघण्याइतका वेळ नाही, आणि मनगटही नाही. डॉक्टरांच्या हाती देऊ नकोस; वाटेत एखादी शेळी शिंकली तर ते बस थांबवतील. गुरुवारच्या बसने तू ये. मधली जागा धर. पेटी दप्तरात, पिशवीत, दुपट्ट्यात, जशी आणशील तशी आण. नायलॉन चालेल.

ता. क. ४. आईलाही घेऊन ये. थोरली लहान होती तेव्हापासून आई तिच्या प्रगतीची चौकशी करत आली आहे, आणि मुलामा चढून कोठीतून ती बाहेर येईल तेव्हा तिने तिथे असावे असे मला वाटते. बसमध्ये पेटी आईच्याच मांडीवर दे. खड्डा आला की समोर कोणीही हात वर न करता तिचा हात आपोआप मांडीवरच्या वस्तूवर जातो. आपण दोघांनीही त्याचा लाभ घेतलेला आहे.

ता. क. ५. पेटीवर चिठ्ठी चिकटवायची असल्यास माझी हरकत नाही. मोठ्या अक्षरात चिकटव. आणि हसायचे असेल तर बसमध्ये चढण्यापूर्वी घरीच पोटभर हसून घे. आईशेजारी बसून हसू नकोस. तू हसतेस तेव्हा सगळे बाकडे हलते.